तोडीस तोड

रँडलमननं फेडोरला मागून कमरेला धरून उचललं, तेव्हा मामांच्या हातात चहाची बशी होती. ती ओठांपर्यंत गेलीच नाही. पडद्यावर फेडोरचे पाय छताकडे गेले, डोकं खाली आलं आणि तो शंभर किलोंवरचा माणूस रँडलमनच्या वजनासकट मान-खांद्यावर आपटला. "मेलं की गं प्वार!" मामा म्हणाले. थोड्याच वेळात ते पोर वर होतं. रँडलमनचा हात त्यानं पाठीमागे पिळला होता आणि रँडलमन हार कबूल करत होता. घंटा वाजल्यापासून सगळं मिळून १ मिनिट ३३ सेकंद.

मामांनी बशी खाली ठेवली. "परत लाव."

तिसऱ्यांदा लावलं तेव्हा ते खुर्ची ओढून पडद्याला खेटून बसले आणि बोटानं दाखवू लागले. "फेकणाऱ्याकडं बघू नगंस. पडणाऱ्याची हनुवटी बघ. छातीला लावलीया. मान ताठ ठिवली असती तर आज ह्याला उचलून न्यावा लागला असता. ह्यो पडायला शिकलाय."

लढत मिश्र मार्शल आर्ट्सची, म्हणजे कुस्ती, ठोसे, लाथा आणि पेच सगळं चालणाऱ्या खेळाची; रशियाचा फेडोर आणि अमेरिकेचा रँडलमन, २० जून २००४, जपानमधलं सैतामा सुपर अरेना. मी ती मामांना दाखवली वर्षभरानं, एका मित्रानं भरून दिलेल्या सीडीवरून. मामा गुडघा दाखवायला पुण्याला माझ्याकडे आले होते. तरुणपणी कोल्हापूरच्या एका तालमीत त्यांनी सहा-सात वर्षं काढली होती, नंतर गावी पोरांना शिकवत. तालमीत मुलींनी पाऊल ठेवायचं नाही, असा तेव्हाचा रिवाज. मी दाराबाहेरच्या कट्ट्यावर बसून आतला धपधप आवाज ऐकायची आणि संध्याकाळी अंगणात मामा मला डाव सांगायचे. पट, ढाक, कलाजंग, घिस्सा, धोबीपछाड. प्रत्येक नावानंतर त्यांचा एकच प्रश्न असायचा: "आन ह्याची तोड काय?" डावाचं नाव पाठ झालं म्हणून ते कधी खूश झाले नाहीत. तोड सांगितली की डोक्यावर टपली मारायचे.

गेल्या दिवाळीत माझा भाचा आला होता. बावीस वर्षांचा, रोज दोन तास जिममध्ये, टॉम ॲस्पिनॉल या आजच्या हेवीवेट लढवय्याचा भक्त. फराळाच्या ताटावरच त्यानं विषय काढला. "आत्या, तू सारखी फेडोर फेडोर करतेस. आजच्या काळात तो टिकला असता का, खरं सांग. हे लोक केवढे मोठे आहेत बघ."

मोठेपणाचं आधी मिटवून टाकलं, कारण ते मिटवायला आकडे पुरतात. हेवीवेट म्हणजे ९३ किलोंच्या वर आणि १२० किलोंपर्यंत. फेडोर एमेलियानेन्को साधारण १०५-१०६ किलोंचा. यूएफसी या अमेरिकेतल्या मोठ्या लढत-संस्थेत हेवीवेटचा बेल्ट, म्हणजे विजेतेपद, लागोपाठ तीनदा राखणारा पहिला माणूस म्हणजे स्टिपे मिओचिच. तो ऑगस्ट २०१९ मध्ये डॅनियल कॉर्मिएसमोर उतरला तेव्हा काट्यावर २३०.५ पौंड भरला, म्हणजे साडेएकशेचार किलो. फेडोरपेक्षा किंचित कमीच. उलट फेडोरच्या काळात जपानमध्ये वजनाला वरची मर्यादाच नव्हती. २००७ च्या शेवटच्या रात्री त्याच्यासमोर कोरियाचा होंग मान चोई उभा होता, उंची २१८ सेंटीमीटर. फेडोरची उंची १८२ च्या आसपास. त्यानं चोईला हाताच्या पेचात अडकवून हार मानायला लावली.

भाचा म्हणाला, "ठीक आहे, वजन सोड. पण आजचा खेळ पुढे गेलाय." हे खरं आहे आणि इथूनच गोष्ट अवघड होते. खेळ पुढे गेला म्हणताना आपण गृहीत धरतो की रस्ता एकच होता. तसा तो नव्हता.

मामा गामा पैलवानाची एक गोष्ट सांगायचे. सप्टेंबर १९१० मध्ये लंडनला गामा आणि पोलंडचा झ्बिस्को यांची कुस्ती लागली. झ्बिस्को गादीला चिकटून बसला, उठायलाच तयार नाही. अडीच तासांहून जास्त वेळ ती चालली आणि बरोबरीत सुटली. मग जानेवारी १९२८ मध्ये पतियाळाला तेच दोघे पुन्हा समोर आले. गामा पन्नाशीला टेकलेला. मिनिटभराच्या आत निकाल लागला, झ्बिस्को चीत. माणसं तीच आणि वयं दोघांचीही वाढलेली. एकदा अडीच तासांत निकाल नाही, एकदा एका मिनिटात. मामा ही गोष्ट गामाच्या थोरवीसाठी सांगायचे. मला मात्र त्यातला आखाडाच आठवत राहतो. एकाच जोडीचं माप दोन ठिकाणी इतकं वेगळं निघत असेल, तर वीस वर्षांच्या अंतरावरच्या दोन माणसांना नुसत्या कल्पनेत एकमेकांवर सोडून काय हाती लागणार?

या घराण्याचा धागा जपानपर्यंत जातो, हे मला फार उशिरा कळलं. गामाचा पुतण्या अक्रम डिसेंबर १९७६ मध्ये कराचीत जपानच्या अँतोनियो इनोकीशी लढला आणि हात जायबंदी होऊन हरला. याच इनोकीच्या संस्थेत तयार झालेला नोबुहिको ताकादा ऑक्टोबर १९९७ मध्ये टोकियो डोममध्ये ब्राझीलच्या जुजुत्सूवाल्या रिक्सन ग्रेसीसमोर उभा राहिला. त्या लढतीसाठी भरवलेल्या कार्यक्रमातून 'प्राइड' ही जपानी लढतींची मालिका सुरू झाली, आणि पुढे फेडोर घडला तो त्याच रिंगणात.

प्राइडचं रिंगण दोरांचं, बॉक्सिंगसारखं. पहिला राउंड १० मिनिटांचा, पुढचे दोन ५-५ मिनिटांचे. पडलेल्या माणसाच्या डोक्यात लाथ मारायला, गुडघा घालायला, त्याला तुडवायला परवानगी. पण पडलेल्याच्या डोक्यावर कोपर मारायला मनाई. अमेरिकेतले सामायिक नियम याच्या बरोबर उलट: कोपर चालतं, पडलेल्याच्या डोक्यात लाथ चालत नाही. सगळे राउंड ५ मिनिटांचे, आणि दोरांच्या जागी तारेची जाळी.

वाचताना हे किरकोळ वाटतं, पण पट काढायला, म्हणजे पाय धरून खाली पाडायला, जाणाऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून बघा. प्राइडमध्ये पट फसला की तुम्ही गुडघ्यांवर आणि समोरच्याचा पाय तुमच्या कानशिलाशी. म्हणजे पट काढायचा तर तो निघालाच पाहिजे. पिंजऱ्यात फसलेल्या पटाची किंमत एवढी नाही. तुम्ही चिकटून राहता, समोरच्याला जाळीवर रेटता, पुन्हा ओढता. पण तीच जाळी खालच्यालाही आधार देते. तो सरकत सरकत तिथवर जातो, पाठ टेकवतो आणि उभा राहतो. दोरांना पाठ लावून असं उठता येत नाही. दोर ताणले जातात, पंच दोघांना थांबवून मध्यभागी आणतो. जाळीशी झगडणं ही एक अख्खी विद्या आहे आणि फेडोरच्या उमेदीच्या वर्षांत त्याला तिची गरजच पडली नाही. त्याला ती येत नव्हती म्हणून तो कमी, असं म्हणायचं का? मग आजच्या पोरांना पडल्यावर डोक्यात येणाऱ्या लाथेपासून स्वतःला वाचवता येतं का, तेही विचारावं लागेल.

उत्तेजकांचाही मुद्दा आहे, तो टाळून चालणार नाही. यूएफसीत वर्षभर, न सांगता होणाऱ्या चाचण्या जुलै २०१५ पासून आल्या. जपानच्या त्या दिवसांत असं काही नव्हतं. त्या काळातल्या कुणाही एकाकडे बोट दाखवायचा मला अधिकार नाही, पण दोन काळांतली शरीरं शेजारी ठेवताना हे मनात असायला हवं.

मामा गुडघ्यासाठी पुण्याला आले होते, त्याच आठवड्यात त्यांना अँतोनियो रॉड्रिगो नोगेइरा दाखवला. ब्राझीलच्या बाहिया राज्यातला हा माणूस लहानपणी ट्रकखाली सापडला होता, कित्येक दिवस बेशुद्ध होता. पाठीवर खड्ड्यासारखा वण आहे. ऑगस्ट २००२ मध्ये टोकियोच्या नॅशनल स्टेडियममध्ये त्याच्यासमोर बॉब सॅप होता, दीडशे किलोंच्या कितीतरी वर. सॅपनं सुरुवातीलाच त्याला उचलून डोक्यावर आपटलं. मग नोगेइरा उताणा आणि सॅप वर.

"आगं, पाठ लागली. ह्यो चीत झाला. संपली कुस्ती," मामा म्हणाले.

"मामा, इथं पाठ लागली तर हरत नाहीत."

ते माझ्याकडे बघतच राहिले. आयुष्यभर ज्या एका गोष्टीपासून पळायला शिकवलं, ती इथं चालते? मग त्यांनी मुकाट्यानं पाहिलं. नोगेइरा दहा मिनिटांचा पहिला राउंड मार खातो, दुसऱ्या राउंडमध्ये सॅपचा श्वास फुलतो आणि त्या प्रचंड देहाचा एक हात नोगेइराच्या दोन पायांत सापडतो. सॅप हार मानतो. मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "चीत झालेल्याची कुस्ती असती, हे ठावं नव्हतं."

नोगेइराच्या त्या दोन पायांची भीती अख्ख्या हेवीवेटला होती. तो खाली पडला की शहाणा माणूस मागे सरायचा आणि त्याला उठू द्यायचा. १६ मार्च २००३ ला योकोहामामध्ये फेडोरनं उलट केलं. तो नोगेइराच्या पायांमध्ये स्वतःहून गेला. मी ही लढत किती वेळा पाहिली असेल ते मोजलेलं नाही. नोगेइरा पाय वर आणून हात पकडायला बघतो. फेडोर हात वर ठेवतच नाही, तो सोडतो आणि परत घेतो. कंबर मागे घ्यायची, अंग सरळ करायचं, उजवा ठोसा वरून सोडायचा आणि नोगेइराचे पाय त्या हाताभोवती बंद व्हायच्या आत हात परत आपल्या छातीशी. नोगेइराला पकडायला काहीतरी स्थिर लागतं. फेडोरनं त्याला वीस मिनिटं काहीच स्थिर दिलं नाही. निकाल एकमतानं, बेल्ट फेडोरकडे. मामांनी टपली मारली ती हवेत, पडद्याच्या दिशेनं. "तोड काढली बघ. तिथंच जाऊन काढली."

मिर्को क्रो कॉपची तोड आणखी साधी होती आणि म्हणून मला जास्त आवडते. हा क्रोएशियाच्या पोलिसांच्या दहशतवादविरोधी पथकातला माणूस. उजवा पाय दवाखान्यात पाठवतो आणि डावा स्मशानात, असं तो स्वतः म्हणायचा आणि ते खोटं नव्हतं. २८ ऑगस्ट २००५ ला सैतामात सगळ्यांना वाटलं होतं की फेडोर त्याला खाली ओढेल. फेडोर चालत पुढे गेला. लाथ मारायला अंतर लागतं, मागच्या पायावर वजन टेकवायला एक क्षण लागतो. फेडोर तो क्षण खाऊन टाकत होता. क्रो कॉपचा डावा ठोसा लागून त्याच्या नाकातून रक्त आलं, बरगड्यांवर लाथांचे लाल वळ उठले, पण मागे सरला तो क्रो कॉप. मागे सरणाऱ्याचा पाय स्मशानात पाठवत नाही. तिन्ही राउंड झाले आणि पंचांनी एकमतानं फेडोरला विजयी ठरवलं.

यानंतरची गोष्ट मला अनेक वर्षं सांगवत नव्हती. २६ जून २०१०, कॅलिफोर्नियातलं सॅन होजे. डिसेंबर २००० मध्ये जखमेमुळे लढत थांबवली गेली होती, तेवढी सोडली तर फेडोरच्या नावावर हार नव्हती. समोर ब्राझीलचा फॅब्रिसिओ वेर्डुम. फेडोरचा ठोसा आला, वेर्डुम मागे पडला आणि फेडोर त्याच्या पायांमध्ये झेपावला, २००३ मध्ये नोगेइराच्या पायांत गेला होता तसाच. वेर्डुम वाटच बघत होता. पाय मानेभोवती, हात मध्ये, आणि ६९ सेकंदांत फेडोर टॅप करत होता, म्हणजे हातानं थोपटून हार कबूल करत होता. मी त्या दिवशी कुणाशी बोलले नाही. पुढे कधीतरी शांतपणे पाहिलं तेव्हा लक्षात आलं की फेडोर त्या दिवशी कमी पडला नव्हता. सात वर्षांपूर्वी ज्या गोष्टीनं सगळ्यांना चकवलं, तीच त्यानं केली. दरम्यान दुसऱ्या कुणीतरी बसून त्या तोडीची तोड काढून ठेवली होती.

वेर्डुमचं नाव या वादांत फारसं कुणी घेत नाही, याचं मला वाईट वाटतं. फेडोर, नोगेइरा आणि केन व्हेलास्केझ, तिघांनाही पेचात पकडून हार मानायला लावणारा हा माणूस. तेव्हाचा यूएफसी विजेता व्हेलास्केझ याच्याशी त्याची लढत जून २०१५ मध्ये मेक्सिको सिटीत झाली, समुद्रसपाटीपासून २२०० मीटरहून उंच. व्हेलास्केझचं सगळं बळ न थकण्यात होतं: जाळीवर रेटायचं, ओढायचं, उठला की पुन्हा ओढायचं, पाचही राउंड. वेर्डुम आधी बरेच दिवस उंचावर राहून सराव करून आला होता. दुसऱ्या राउंडपर्यंत व्हेलास्केझचं तोंड उघडं पडलं आणि तिसऱ्यात थकून पट काढायला गेला तो मान वेर्डुमच्या काखेत घेऊनच. मग पुढच्याच वर्षी, मे २०१६ मध्ये ब्राझीलच्या कुरितिबात वेर्डुम हनुवटी वर करून मिओचिचच्या मागे धावत गेला आणि मिओचिचनं मागे सरता सरता मारलेल्या एका उजव्या ठोशानं कोसळला. याला त्यानं हरवलं आणि त्याला यानं, असा हिशेब मांडून कोण थोर ते ठरवणाऱ्यांनी ही साखळी एकदा हातात धरून बघावी.

साखळी सुरूही तशीच झाली होती. फेब्रुवारी १९९७ मध्ये अलाबामातल्या डोथन गावात मार्क कोलमन यूएफसीचा पहिला हेवीवेट विजेता ठरला. कुस्तीगीर माणूस, खाली घ्यायचा आणि वरून मारायचा, तेव्हा डोक्यानं मारायलाही परवानगी होती. पाच महिन्यांत मॉरिस स्मिथ नावाच्या किकबॉक्सरनं त्याला हरवलं. स्मिथ पाठीवर पडून राहिला, मार झेलत राहिला, कोलमनचा दम संपेपर्यंत थांबला आणि मग उठून त्याच्या पायांवर लाथा मारत राहिला. डिसेंबरात रँडी कुटूरनं योकोहामात स्मिथला मात दिली. एका वर्षात तीन विजेते.

मिओचिच मला जवळचा वाटतो. क्लीव्हलँडजवळ अग्निशमन दलात नोकरी करणारा माणूस, बेल्ट कमरेला असतानाही पाळी सांभाळणारा. जुलै २०१८ मध्ये कॉर्मिएनं त्याला पहिल्याच राउंडमध्ये झोपवलं. १७ ऑगस्ट २०१९ ला अनाहाइममध्ये पुन्हा तेच दोघे. सुरुवातीला कॉर्मिए वरचढ होता. चौथ्यात मिओचिचला काहीतरी दिसलं. कॉर्मिए डोक्याकडचे ठोसे अडवायला दोन्ही हात वर घेत होता आणि उजवी बरगडी उघडी पडत होती. मिओचिचनं डावा हात तिथं घातला. कॉर्मिए किंचित वाकडा झाला. पुन्हा तोच हात, तीच जागा. पुन्हा. तिसऱ्या-चौथ्या ठोशानंतर कॉर्मिएचं उजवं कोपर खाली आलं, आणि कोपर खाली आलं तसा गाल उघडा पडला. मागे पडलेला असताना, डोक्याला मार बसलेला असताना, माणूस असं शोधतो आणि सापडल्यावर घाई करत नाही. चौथा राउंड संपायला एक मिनिटही उरलं नव्हतं तेव्हा पंचांनी लढत थांबवली.

आणि फ्रान्सिस न्गानू. कॅमेरूनमधल्या बाटिए गावात लहानपणी वाळूच्या खाणीत राबलेला, मोरोक्कोतून समुद्र ओलांडून स्पेनला आणि तिथून पॅरिसला पोचलेला. पहिली लढत २०१३ च्या शेवटी, वय सत्तावीस. जानेवारी २०१८ मध्ये बोस्टनला मिओचिचनं त्याला पाच राउंड पुन्हा पुन्हा खाली ओढलं. दुसऱ्या राउंडनंतर त्याचे हात वर येत नव्हते. मार्च २०२१ मध्ये परत मिओचिच समोर, यावेळी २३४ पौंडांविरुद्ध २६३. पहिल्या राउंडमध्ये मिओचिच पटासाठी घुसला आणि न्गानूनं पाय मागे फेकून छाती त्याच्या पाठीवर टाकली, पट दाबून टाकला, वळसा घालून पाठीवर आला. लोकांना दुसऱ्या राउंडचा डावा ठोसा आठवतो, ज्यानं मिओचिच पडला. मला तो दाबलेला पट आठवतो. तीन वर्षांपूर्वी ज्यानं त्याला हरवलं होतं, त्याची तोड तो शिकून आला होता. त्या रात्री मी मामांना फोन केला. ते ऐंशीच्या घरात होते, कमी ऐकू यायचं. मी मोठ्यानं सांगितलं, "मामा, पट दाबला त्यानं!" पलीकडून म्हणाले, "मग जिकला आसंल."

जानेवारी २०२२ मध्ये तर दुखऱ्या गुडघ्यानं न्गानूनं सिरिल गानला स्वतःच खाली घेऊन हरवलं. ज्या हाताला जग घाबरत होतं, तो हात त्या दिवशी कामाचा नव्हता.

जॉन जोन्सबद्दल मी फार बोलत नाही. लाइट हेवीवेटमध्ये, म्हणजे हेवीवेटच्या खालच्या गटात, त्याच्यासारखा कुणी झाला नाही असं मी मानते, पण हेवीवेटमध्ये मार्च २०२३ मध्ये गान आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये बेचाळीस वर्षांचा मिओचिच, एवढ्याच दोन लढती. दोन्हींत त्याचा डाव उलटलाच नाही. उलटल्यावर तो या वजनात काय करतो ते बघायला मिळालं नाही, तर मी त्याला कुठे बसवू? ॲस्पिनॉलचं जवळपास तसंच. वडिलांकडे लहानपणापासून जुजुत्सू शिकलेला, हात चपळ, पाय चपळ; पावलोविचला ६९ सेकंदांत आणि ब्लेड्सला एका मिनिटात संपवलं. भाच्याला हेच त्याचं मोठेपण वाटतं. मला अजून त्याचा वाईट राउंड बघायचा आहे, आणि हे मी त्याच्या भल्यासाठी म्हणते.

"म्हणजे तू उत्तर देणारच नाहीस," भाचा म्हणाला.

मी उत्तर दिलं. २००४ चा फेडोर आणि २०१९ चा मिओचिच, माझ्या मते हीच जोडी लावण्यासारखी. वजन सारखं, दोघेही पडून उठणारे. प्राइडच्या दोरांत, पहिला राउंड १० मिनिटांचा असेल तर फेडोर. मिओचिचला डोकं लावायला पहिले दोन राउंड लागतात, आणि फेडोर तेवढा वेळ देत नाही. पट फसला तर गुडघे आहेत. पिंजऱ्यात, पाच राउंड, कोपरं चालणार असतील तर मिओचिच. फेडोरची कातडी पातळ, डिसेंबर २००० ची हार जखमेनं, २००४ मध्ये नोगेइराशी लढत डोक्याला डोकं लागून अर्ध्यावर थांबली तीही जखमेनं. जाळीशी त्याची ओळख नाही. चौथ्या राउंडमध्ये, रक्त डोळ्यात येत असताना, मिओचिचचा डावा हात बरगडी शोधेल. हे लिहितानाही माझा जीव थोडा वरखाली होतो, पण मला तसंच दिसतं.

"म्हणजे एक-एक," तो म्हणाला. "मग तिसरी?"

तिसरीचं मला सुचेना. तिसऱ्या लढतीला दोघेही काहीतरी नवीन शिकून येतील आणि ते काय असेल हे बाहेर बसून सांगता येत नाही. तोपर्यंत त्यानं फोनवर अनाहाइमची लढत काढली होती, सुरुवातीपासून. चकलीचा डबा बाजूला सारून तो माझ्या शेजारी सरकला.

"चौथा राउंड लाव," मी म्हटलं. "आणि कॉर्मिएचं कोपर बघ."